मण्याला मणी टेकू नये

अकरावी ब. डिसेंबर. पहिला तास.
पेठ नाक्यावरच्या आमच्या कॉलेजात
खिडकीच्या एका काचेच्या जागी तीन वर्षं पुठ्ठा आहे.
थंडीत खडूसुद्धा बोटांत नीट धरत नाही.

फळ्यावर मी नायट्रोजन काढला.
त्याचे ठिपके पाच, तीन हायड्रोजनांचे तीन.
आठ झाले. म्हणजे जोड्या चार.
म्हटलं, आता आकार सांगा.
बघायची गरज नाही, नुसतं मोजून सांगता येतो.
जोडीला जोडी जवळ नको असते, एवढंच धरून चाला.
जमेल तितकं लांब राहायचं,
पण घर न सोडता.

मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, आमच्या काकांसारखं.
वर्ग हसला.

प्रमिला भोये हसली नाही.
तिच्या नखांत हिरवं होतं
आणि अंगठ्याच्या मुळाशी कात्रीच्या कडीचा घट्टा.
हंगामात मायलेकी गिरणाऱ्याला राहतात, ताडपत्रीखाली.
रविवारी ती आईबरोबर विरळणीला जाते.
म्हणाली, घडाचं असंच असतं.
मणी ज्वारीएवढे असतानाच कात्री लावायची.
आई म्हणते, मण्याला मणी टेकू नये.
टेकला की फुगताना चिरडतो, मग कुजतो,
मग पेटीत जात नाही.

मी खूश.
वीस वर्षं मी फुगे बांधून दाखवत आले,
दोन बांधले की सरळ, तीन बांधले की सपाट,
चार बांधले की तीन पायांवर उभे आणि एक वर.
नाशकात जन्म गेला,
द्राक्ष काही सुचलं नाही.

पण ती खाली बसेना.
पण मॅडम, काढलेल्या मण्याच्या जागेत
बाकीचे सरकतात.
तुमचं उलटं आहे.
तुमच्या चौथ्या जोडीवर अणूच नाही. जागा रिकामी दिसते.
मग बाकीच्यांनी तिकडे सरकायचं ना?
ते तर एकमेकांना येऊन भिडले,
एकशे साडेनऊ अंशांचे एकशे सात झाले.

पुस्तकात एक वाक्य आहे.
एकाकी जोडीचे प्रतिकर्षण अधिक असते.
ते मी वाचून दाखवलं.
वाचून झाल्यावर लक्षात आलं,
मी काहीच सांगितलेलं नाही.
आणि हा शब्द तरी कुणी केला असेल,
एकाकी, वर जोडी.
घंटा झाली म्हणून सुटले.

सोमवारी ती स्टाफरूमच्या दारात.
चप्पल बाहेर काढून.
मॅडम, काल पिकअपमध्ये कळलं.
सत्तावीस बाया होतो.
जिला दोन्ही बाजूंना शेजारीण,
ती दोघींच्या ओढीत अंग चोरून बसते, बारीक होते.
फाळक्याकडची मात्र एकीलाच टेकलेली.
ती पाय पसरते, डबा ठेवते, लुगड्याचा घोळ सोडते.
पलीकडून धरायला कुणी नाही ना तिला.
तिच्यापायी आम्ही बाकीच्या आत दाबल्या जातो.
रोज तिथे रखमामावशी बसते.
एकटी असते, पण जागा दोघींची.

मी चहा तसाच ठेवला.
कप्प्यातून जुनी वही काढली,
जिथे जिथे दोन बारीक ठिपके दिले होते
तिथे पेन्सिलीने मोठी पाकळी काढत बसले,
तेरा पानं.

जानेवारीत डिपिंग सुरू झालं.
प्रमिला आधी दोन दिवस आली नाही, मग आठवडा,
मग मी हजेरीत तिचं नाव घेऊन
थोडी जास्त थांबायला लागले.

त्या दिवशी पाणी शिकवायचं होतं.
दोन बंध, दोन पाकळ्या, वाकलेलं.
तिसऱ्या बाकावर तिघी बसायच्या, ती मधे.
आता दोघीच होत्या,
एक भिंतीला चिकटलेली, एक वाटेकडे निम्मी बाहेर.
म्हटलं, अगं सरका आत, पडशील.
त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.
मग भिंतीकडची म्हणाली,
राहू दे मॅडम, बरंय असंच.